दूधविनायकाची सीता

कालिंदीबाई कुठे राहतात म्हणून गंगेकाठच्या दूधविनायकाच्या गल्लीत कोणी विचारलं, तर लोक नुसते तोंडाकडे बघत राहायचे. सीताताई म्हटलं, की मग पानवाल्यापासून पंचगंगा घाटावर पूजा सांगणाऱ्या घाटियापर्यंत कोणीही उठून घर दाखवायला यायचा. गल्लीतल्या पोरींना आया दटावायच्या त्याही तिच्याच नावानं, की जरा सीताताईकडे बघून शीक. आणि ती स्वतः समोरून येत असली आणि हे तिच्या कानावर पडलं, तर पदर पुढे ओढून, भिंतीच्या कडेकडेनं, चोरी पकडली गेलेल्या बाईसारखी निघून जायची. लोक म्हणायचे, काय विनय आहे बघा! विनय कसला डोंबलाचा. लाज होती ती. ती कशाची होती हे सांगायचं, तर तिच्या लग्नाआधीपासून सुरुवात करायला हवी.

कालिंदी ही ढुंढिराजभटांची मुलगी. ढुंढिराजभट वैदिक, सकाळी अमृतराव घाटावर त्यांचा पाठ सुरू झाला की नावाडी वल्हं मारायचे थांबतात, असं त्यांची बायको सांगायची. नावाडी थांबायचे की नाही देव जाणे, पण आवाज खणखणीत होता आणि लेकीनं तोच उचलला होता. बापानं तिला अक्षरं शिकवली ती पोथी वाचण्यापुरती. त्या काळी आमच्या गल्लीतल्या बायकांना तेवढीही येत नसत. मराठी घरात बोलायची, हिंदी दारात बोलायची, आणि वाचायचं ते पुरुषांनी, अशी एकंदर वाटणी होती. त्यामुळे कालिंदीला पोथी वाचता येते म्हटल्यावर तिचं कोण कौतुक! सोवळं तिचं कडक, रांगोळी तिची रेखीव, पुरणपोळीचा कड कधी फुटला नाही. मुलगी असावी तर अशी, हे वाक्य तिनं इतक्यांदा ऐकलं होतं की ते तिला आपल्या नावासारखंच झालं होतं.

दुपारची जेवणं आटोपली की बायका अंबिकाकाकूंच्या दालानात जमायच्या. अंबिकाकाकू पोक्त, सवाष्ण, तोंडानं फटकळ आणि मनानं मोकळ्या. त्यांचा मुलगा विष्णु नागपुरात रेल्वेत होता. आईला आपल्या भाषेचे चार शब्द ऐकायला मिळावेत म्हणून तो दर महिन्याला एक मराठी मासिक टपालानं धाडायचा. गल्लीत तेवढा एकच अंक यायचा. काकूंना वाचता येत नव्हतं, म्हणून वाचायला कालिंदी. बायका देवाच्या वाती वळत बसायच्या आणि कालिंदी मासिकातली कादंबरी वाचायची, महिन्याला एक प्रकरण. आता गंमत बघा, ज्या आवाजात ती पोथी वाचायची त्याच आवाजात कादंबरी वाचायची, म्हणून बायकांनी कादंबरीलाच पोथी करून टाकलं. अंक पाटावर ठेवायचा, त्याला हळदकुंकू वाहायचं, मुखपृष्ठावर बाईचं चित्र असलं तर तिच्याही कपाळाला बोट लावायचं. प्रकरण मध्येच सोडायचं नाही. वाचून झालं की खडीसाखर. जुने अंक काकू लाल फडक्यात बांधून देवाजवळच्या कोनाड्यात ठेवायच्या. छापलेलं सगळं खरंच असतं, याबद्दल त्या दालानात कोणाच्या मनात शंका नव्हती.

त्या वर्षीच्या कादंबरीत दोन तरुण मुली होत्या. पुण्यातल्या एकाच घरात राहणाऱ्या चुलत बहिणी. एक सीता, देवाधर्माची, घर सांभाळणारी, खाली मान घालून चालणारी. दुसरी विद्युल्लता, कॉलेजात जाणारी, पायांत बूट, हातात पुस्तकं. दोघींत एकच स्थळ, तेव्हा वैर आलंच. दालानातल्या बायकांनी पहिल्याच प्रकरणात सीतेची बाजू घेतली. विद्युल्लतेचं नाव निघालं की नाकं मुरडायच्या आणि पुढे वाच गं म्हणायच्या. कालिंदीलाही आत कुठेतरी बरं वाटायचं, कारण सीता म्हणजे आपणच, हे तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

आणि विद्युल्लताही तिला लांब शोधायला लागत नव्हती. समोरच्या घरातली, नीलकंठमास्तरांची शरदिनी. मास्तर इंग्रजी शाळेत शिकवत. बायको वारलेली. मुलीला वाढवली ती त्यांच्या विधवा बहिणीनं, आनंदीआत्यानं. आत्या लाल आलवणातली, लहानपणीच कुंकू पुसलेली, आणि घरात शब्द चालायचा तो तिचाच. कालिंदी आणि शरदिनी लहानपणी एका ताटात जेवलेल्या. मंगळागौरीला फुगडी रंगायची ती या दोघींचीच. पण पुढे शरदिनी मुलींच्या शाळेत जाऊ लागली. नऊवारी सुटून गोल पातळ आलं, भांग मधला जाऊन एका बाजूला गेला, बोलण्यात हिंदी तर होतीच, आता इंग्रजीही शिंपडली जाऊ लागली. हसायची ती मान मागे टाकून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं. मॅट्रिकला बसणार होती. आत्या कुरकुरायची, पण पोरीवर जीव होता, म्हणून चाललं होतं.

मुलींच्या लग्नाच्या वयाचा कायदा साहेबानं केला, त्याच्या पुढेमागेचा हा काळ. वारं कुठून कसं फिरलं कोण जाणे. पूर्वी मुलगी बघायला आलेले लोक पोळी खाऊन खूश व्हायचे. आता पोळी खाऊन हात पुसता पुसता विचारायचे, मुलीचं इंग्रजी किती झालंय? कालिंदीला जबलपूरचं स्थळ आलं तेव्हा हेच झालं. मुलाच्या आईनं तिच्या रांगोळीकडे बघून मान डोलावली. मुलगा कारखान्यात मोठा हुद्देदार होता. त्यानं दोन प्रश्न विचारले, दोन्हींना कालिंदी गप्प राहिली, आणि तो ढुंढिराजभटांना अगदी आदरानं म्हणाला की मुलगी गुणी आहे, पण फार जुन्या वळणाची. बरं, एवढ्यावर तरी थांबावं! मंडळी दारातून बाहेर पडतात तो समोरून शरदिनी शाळेतून येत होती, पुस्तकं छातीशी धरलेली, डोक्यावर पदर नाही. मुलाच्या आईनं तिथेच विचारलं, ही कोणाची हो? कालिंदी माडीच्या खिडकीत उभी होती. तिनं ते ऐकलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्याच आठवड्यात मासिकाचा नवा अंक आला.

कालिंदीनं पाटावरून अंक उचलला आणि वाचायला सुरुवात केली. कादंबरीकारानं तिच्याशी काय वैर धरलं होतं कोण जाणे, पण त्या प्रकरणात गोष्टच उलटली होती. देवाधर्माची सीता मत्सरानं पेटली होती. घरातले सगळे निजल्यावर ती उठते, आणि विद्युल्लतेची बदनामी करणारी निनावी चिठ्ठी लिहून वराकडच्यांना धाडते. आणि ती कॉलेजवाली विद्युल्लता? ती बापडी सीतेच्या आजारपणात तिचं डोकं चेपत बसलेली. कालिंदीच्या कानशिलांतून वाफा निघायला लागल्या. तिला वाटलं, खिडकीत उभी असताना आपल्या पोटात जे आलं ते या लिहिणाऱ्या माणसानं बघून ठेवलं आणि छापून धाडलं. समोर बायका वाती वळत, सीतेचं काय झालं म्हणून कान टवकारून बसलेल्या. 'सीता उठली' हे शब्द डोळ्यांपुढे होते. तिच्या तोंडून निघालं, विद्युल्लता उठली.

जीभ घसरली म्हणावं, तर जीभ एकदा घसरते. कालिंदीची त्या दुपारी शेवटच्या ओळीपर्यंत घसरत राहिली. जिथे सीता तिथे विद्युल्लता, जिथे विद्युल्लता तिथे सीता. वाचून झाल्यावर अंबिकाकाकू म्हणाल्या, मला मेलीचं लक्षण आधीच दिसलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. कालिंदीला खडीसाखर मिळाली आणि तिनं ती खाल्ली.

एवढ्यावर तरी भागावं की नाही? पुढच्या महिन्यात तिनं भर घालायला सुरुवात केली. विद्युल्लतेचा भांग एका बाजूला असतो. ती मान मागे टाकून हसते. पुस्तकं छातीशी धरून चालते. हे कुठेच छापलेलं नव्हतं. बायका वाती थांबवून एकमेकींकडे बघायच्या, आणि मग सगळ्यांचे डोळे नकळत समोरच्या घराकडे वळायचे. लवकरच शरदिनी गल्लीतून निघाली की कोणीतरी पुटपुटायचं, आली गं विद्युल्लता. शरदिनीला आधी गंमतच वाटली. एवढं छान नाव आहे, म्हणाली. आनंदीआत्याला मात्र गंमत वाटली नाही. ती दालानात रोज येऊन बसायची, कोपऱ्यात, सोवळ्यानं, कोणाला न शिवता. विद्युल्लतेनं चिठ्ठी लिहिली, विद्युल्लतेनं म्हाताऱ्या चुलतीला उलट उत्तर दिलं, विद्युल्लतेनं घराण्याचं तोंड काळं केलं. सगळं ऐकायची, आणि घरी जाऊन पोरीच्या पुस्तकांकडे बघत बसायची.

दिवाळी झाली. एक दिवस शाळेच्या वेळेला कालिंदी पंचगंगेच्या पायऱ्या उतरत होती, तर खाली शरदिनी कळशी भरत होती. आज सुट्टी आहे का, तिनं विचारलं. शरदिनी म्हणाली, आता रोजच सुट्टी. आत्यानं अन्न टाकलं. पोर शाळेत गेली तर मी जेवणार नाही, म्हणाली, आणि खरंच जेवली नाही. बाबांनी हात टेकले. मॅट्रिकचा इम्तिहान होळीच्या सुमारास होता, तोही गेला. आत्याच्या डोक्यात हे कुठून शिरलं, ते मात्र तिला कळेना. ती रडत नव्हती. कळशी काखेला लावून पायऱ्या चढली आणि वर जाऊन धापा टाकत उभी राहिली, तिला सवय नव्हती. मी केलं, एवढे दोनच शब्द बोलायचे होते. जीभ रेटली नाही. तिनं गंगेत बुडी मारली आणि किती तरी वेळ वर आली नाही, पण बुडी मारून असल्या गोष्टी थोड्याच धुतल्या जातात!

मग तिनं दुरुस्ती करायचं ठरवलं, तेही चोरूनच. पुढचं प्रकरण तिनं नावं न बदलता, जसं होतं तसं वाचायला घेतलं. विद्युल्लता चांगली, सीता खोटी. एक पान झालं नसेल तोच बायकांची चुळबुळ सुरू झाली. एक म्हणाली, पानं मागंपुढं झाली असतील. अंबिकाकाकू म्हणाल्या, कालिंदी, तुला बरं नाही का, चुकतेयस तू, नीट बघून वाच. आणि कालिंदीनं, अहो, नीट बघितल्यासारखं केलं, चुकलंच म्हणाली, आणि पुन्हा उलटं वाचायला लागली. तिला स्वतःचा आवाज ऐकवेना. तो खणखणीतच होता.

कादंबरीचं शेवटचं प्रकरण आलं त्या दुपारी आनंदीआत्या शरदिनीला हाताला धरून दालानात घेऊन आली. ऐक म्हणाली, अशा मुलींचं शेवटी काय होतं ते. शरदिनी खाली बसली. कालिंदीनं अंक उघडला आणि तिचा गळाच बसला. पाणी दिलं, खडीसाखर दिली, आवाज फुटेना. तेव्हा अंबिकाकाकू म्हणाल्या, शरदिनीला येतंय की वाचायला, तिच्याकडे दे. कालिंदीनं अंक घट्ट धरून ठेवला. काकूंनी तो तिच्या हातातून ओढून घेतला आणि शरदिनीला दिला.

शरदिनीला सवय होती, मोठ्यानं वाचायच्या आधी पान एकदा डोळ्यांखालून घालायची. ती वाचत होती आणि कालिंदी तिच्या तोंडाकडे बघत होती. त्या पानावर सीतेची चोरी उघडकीला येते; घरातले तिला हाकलून द्यायला निघतात; तेवढ्यात विद्युल्लता पुढे होते, चिठ्ठी मीच लिहिली म्हणते, दोष आपल्या डोक्यावर घेते आणि मुकाट्यानं घर सोडून जाते. शरदिनीच्या भुवया वर गेल्या. शाळा बंद झाल्यापासून आत्यानं तिला आतापर्यंतची सगळी गोष्ट ऐकवली होती. तिनं मान वर करून कालिंदीकडे बघितलं. एकदाच. कालिंदीनं मान खाली घातली. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते तिला तेव्हा कळलं.

शरदिनी वाचायला लागली. स्वच्छ, न अडखळता. आणि जिथे सीता होती तिथे विद्युल्लता वाचली, जिथे विद्युल्लता होती तिथे सीता. एकदाही चुकली नाही. विद्युल्लतेची चोरी उघडकीला आली, सीतेनं दोष आपल्यावर घेतला, सीता घर सोडून गेली. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. काय ती सीता, म्हणाल्या.

संध्याकाळी कालिंदीनं तिला घाटावर गाठलं. तू असं का वाचलंस, एवढंच तिला विचारता आलं.

"खरं वाचलं असतं, तर आत्या म्हणाली असती ही आपल्या सोयीचं वाचतेय," शरदिनी म्हणाली. "माझी शाळा गेली ती गेलीच. वर तुझी दालानातली जागाही गेली असती. तुझ्याकडे तेवढंच तर आहे, कालिंदी."

तिनं ते रागानं म्हटलं असतं तर परवडलं असतं. तिनं ते कीव येऊन म्हटलं. जबलपूरच्या मुलानं जुन्या वळणाची म्हटलं तेव्हा कालिंदी एवढी आतून ढासळली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळ्या जमल्यावर, तिनं कोनाड्यातलं लाल फडकं सोडलं आणि सगळे अंक पाटावर मांडले. म्हणाली, मी खोटं वाचलं. चिठ्ठी विद्युल्लतेनं नाही, सीतेनं लिहिली. नावं मी बदलली. भांगाचं, हसण्याचं मी माझ्या मनचं घातलं. शरदिनीवर जळून केलं. आत्या, तिला शाळेत पाठवा. एकेका पानावर बोट ठेवून ती दाखवत होती, हे बघा, इथे सीता आहे, इथे विद्युल्लता. बायका वाकून बघत होत्या. काळ्या मुंग्यांच्या रांगा दिसत होत्या त्यांना, दुसरं काय दिसणार! मग आनंदीआत्या उठली. सोवळ्यात असताना कधी कोणाला न शिवणारी ती बाई पुढे आली आणि तिनं कालिंदीच्या डोक्यावर हात ठेवला. तिचे डोळे भरून आले होते.

"दुसरीचा दोष आपल्या डोक्यावर घेतेस?" ती म्हणाली. "अगं, कथेतली सीता तरी शाईची होती, तू तर हाडामांसाची."

कालिंदी म्हणाली, तसं नाही हो आत्या. पुन्हा पुन्हा म्हणाली. जितकी म्हणाली तितकी ती त्यांना जास्त थोर वाटली. शरदिनीला बोलवा, ती खरं काय ते वाचून दाखवील, म्हणाली. तर आत्या म्हणाली, तिनं कालच वाचलं ना, तुझ्यासमोर? काल शरदिनीनं तिला वाचवलं आणि दोघींच्याही तोंडाला कुलूप लागलं. त्या दिवसापासून गल्लीत तिला सीता म्हणायला लागले.

ज्याचं वाचलेलं आत्यानं मानलं असतं, असा एक माणूस उरला होता. नीलकंठमास्तर. कालिंदी अंक पदराखाली घेऊन त्यांच्या दारापर्यंत गेली. मास्तर बाहेर चबुतऱ्यावर आणखी दोन मास्तरांशी बोलत बसले होते. त्यांनी काय गं म्हणून विचारलं. ती काही नाही म्हणाली आणि परत फिरली. पुन्हा गेली नाही. इथे तिची बाजू घेण्यात अर्थ नाही; बायकांपुढे बोलायला धीर झाला, आणि जिथे बोलणं लागू पडलं असतं तिथे झाला नाही. उन्हाळ्यात शरदिनीचं लग्न झालं, सागर गावच्या एका बिजवराशी. कचेरीत नोकरी, पहिल्या बायकोचा एक मुलगा. निघताना तिनं सगळ्यांना नमस्कार केला, कालिंदीला मिठी मारली, आणि एक अक्षर बोलली नाही.

कालिंदीचंही लग्न झालं, त्याच गल्लीत. पंचगंगेवर पूजा सांगणारे बिंदुमाधवभट फार साधे होते. त्यांच्या आईनं अख्खी गल्ली सोडून हिलाच मागणी घातली, कारण हिच्यासारखी सीता दुसरी मिळायची नाही. त्या खोटेपणावर कालिंदी सप्तपदी चालली. नवऱ्याला तिनं सगळं सांगितलं, तर ते म्हणाले, असेल, पण तू वाईट नाहीस. ते चांगल्या मनानं म्हणाले, आणि तिला ते पुन्हा एक ओझंच झालं. दालानातलं वाचन तिनं सोडलं. घसा बिघडला, असं सांगितलं.

सागरहून शरदिनीची पत्रं यायची, आत्याच्या नावानं. मास्तर घाईघाईनं वाचून टाकायचे, आत्याचं समाधान व्हायचं नाही, मग पत्र घेऊन ती कालिंदीकडे यायची. तुझ्याइतकं खरं कोण वाचणार, म्हणायची. कालिंदी एकेका शब्दाखाली बोट ठेवून वाचायची, छापल्यासारखं, कानामात्राही इकडची तिकडे न करता. खुशाल आहे, मुलगा शाळेत जातो, त्याला मीच शिकवते, इथे नदी नाही, तलाव आहे. कालिंदीचं नाव त्यात कधी नसायचं. असं चार-सहा वर्षं चाललं. मास्तर गेले. आत्या म्हातारी झाली. एक दिवस वाचून झाल्यावर कालिंदी म्हणाली, आत्या, तुम्हीच शिका ना वाचायला. आत्या हसली. माझी लाकडं मणिकर्णिकेवर जाऊन पडली, म्हणाली, आता कसलं शिकवतेस! पण दुसऱ्या दिवशी आली, आणि भिंतीला टेकून बसली.

कालिंदी तिला कशासाठी शिकवत होती, ते तिचं तिलाच ठाऊक. आपल्याला खोटं ठरवायला या म्हातारीखेरीज दुसरं कोणी नाही, आणि ते तिला करता यावं म्हणून तिचं बोट अक्षरावर धरून ग म भ न. आत्या चिकट होती. जोडाक्षरांशी भांडायची, आणि जमेना झालं की मराठी सोडून हिंदीत शिव्या द्यायची. तिचं बघून आणखी दोघी यायला लागल्या, मग त्यांच्या सुनाही. गल्ली म्हणाली, सीताताईंनी केवढं पुण्याचं काम काढलंय. कालिंदी अजून भिंतीच्या कडेनं चालत होती.

युरोपात पुन्हा लढाई जुंपली त्या सुमाराला आत्या सरळ वाचायला लागली. मग कालिंदीनं चालढकल केली. स्तोत्रं दिली, पंचांग दिलं, साबणाच्या वेष्टनावरचं वाचायला दिलं. शेवटी एका दुपारी आत्या म्हणाली, काही गोष्टीचं दे गं, रंगतदार. कालिंदी आत गेली. अंबिकाकाकू गेल्यावर त्यांचं लाल फडकं तिच्याकडेच आलं होतं. ज्यात पहिल्यांदा नावं बदलली तो भादव्यातला अंक तिनं त्यातून काढला, आणि आत्यापुढे ठेवला.

आत्यानं मुखपृष्ठावरच्या बाईला नमस्कार केला. मग बोट ठेवून वाचायला लागली. "सी... ता. सीता. उठ... ली." थांबली. पुन्हा वाचलं. हे सीताच आहे ना गं, म्हणून विचारलं. कालिंदी हो म्हणाली. आत्या पुढे वाचत गेली. ऊन चबुतऱ्यावरून उतरून नालीशी गेलं तरी वाचत होती. मधूनमधून तिचं बोट थांबायचं आणि पुन्हा मागच्या शब्दावर यायचं. प्रकरण संपलं तशी तिनं पुढचा अंक मागितला, त्याच्या पुढचा मागितला, आणि पानांवरून बोट फिरवत काहीतरी शोधायला लागली.

"तो भांग कुठे आहे?" तिनं विचारलं.

"ते छापलेलं नाही, आत्या."

"आणि मान टाकून हसणं?"

"तेही नाही. ते माझं."

आत्यानं अंक मिटले, फडक्यात बांधले, गाठ मारली. एकदाही वर बघितलं नाही. भिंतीला धरून उठली आणि घरी गेली. त्यानंतर ती आली नाही. बाकीच्या बायकांनी विचारलं, आत्या का येत नाहीत, तेव्हा कालिंदीनं त्यांना सगळं सांगितलं, आणि या वेळी त्यांनी वाहवा केली नाही, कारण आता त्यांनाही वाचता येत होतं. वाती उचलून एकेक जण निघून गेली. कालिंदीला वाटलं होतं, खरं कळलं की जरा हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही. लाज होती तिथेच होती, फक्त आता ती सगळ्यांना दिसत होती.

बरेच दिवस असे गेले. मग एका दुपारी दारात लाल आलवण दिसलं. आत्या आत आली आणि आपल्या नेहमीच्या जागी बसली. वाळली होती. पदराखालून तिनं पाटी काढली, नवी कोरी, आणि कालिंदीपुढे सरकवली.

"वाचायला आलं, पण मला लिहायला शिकव," ती म्हणाली. "शरदिनीला पत्र घालायचंय. शाळेतून काढली ती मी. कोणाचं ऐकून काढली, तेही तिला माझ्या हातानं लिहायचंय."

"तिला ते ठाऊक आहे, आत्या."

"असेल. मला ठाऊक झालंय, हे तिला ठाऊक नाही." आत्यानं लेखणी उचलली. लेखणी तिच्या बोटांत ठरेना. "तुझं नाव आधी शिकव. सीता पाठ झालंय मला. खरं शिकव, कालिंदी."

किती वर्षांनी त्या गल्लीत कोणी तिला त्या नावानं हाक मारली होती. कालिंदी पुढे सरकली. पाटी मांडीवर घेतली, आत्याचा हात आपल्या हातात धरला, आणि पाटीवर क काढायला सुरुवात केली.